हे माझंच वासरू!

मुलांनो, मागच्या आठवड्यात आपण सुगरणीच्या खोप्यात डोकावलो होतो. आज गोठ्यात जायचंय. पण त्याआधी एक शब्द घेऊ. शब्द आहे ‘वात्सल्य’. ‘आईचं लेकरावरचं प्रेम’ असा त्याचा अर्थ तुम्ही वहीत लिहून घेतला असेल. पण हा शब्द आला कुठून, ठाऊक आहे? तो चक्क गोठ्यातून आला! संस्कृतात वासराला ‘वत्स’ म्हणतात. वासरासाठी जीव टाकते ती ‘वत्सल’ गाय, आणि तिची ती माया म्हणजे ‘वात्सल्य’. आपलं मराठी ‘वासरू’सुद्धा त्या ‘वत्सा’चंच घरगुती रूप. वसुबारसेला आपण एकट्या गायीची पूजा करत नाही, गाय-वासराची जोडीने करतो. लेकरू हरवलेली माणसं ‘हंबरडा’ फोडतात, तोही शब्द गोठ्यातलाच. म्हणजे माया म्हटलं की आपल्या बापजाद्यांना आधी गाय-वासरू आठवायचं, बघा.

आता माझा प्रश्न ऐका. गाय व्याली की ही माया तिच्यात आपोआप येते का? दिवा लावला की उजेड पडतो, तशी?

बहुतेक वेळा येते. पण नेहमी नाही हं! कधी कधी गाय स्वतःच्याच वासराला हुंगत नाही. ते कासेकडे आलं तर लाथ मारते, तोंडाकडे आलं तर शिंग दाखवते. ते बिचारं थरथरत उभं राहतं आणि पुन्हा पडतं. अशा वेळी माणसाला मध्ये पडावं लागतं. आईची आणि लेकराची ओळख करून द्यावी लागते. ती कशी, ते आज पाहू.

नाकाने झालेली ओळख

सगळं सुरळीत होतं, तेव्हा काय घडतं ते आधी समजून घेऊ.

गाय साधारण २८० दिवस गाभण असते. माणसाचे आपण ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणतो ना, जवळजवळ तेवढेच. म्हैस मात्र दहा महिन्यांच्याही वर जाते. व्यायची वेळ आली की गाय कळपापासून बाजूला सरकते. तिला एकांत हवा असतो. ती उठते, बसते, पुन्हा उठते. मग पाण्याची पिशवी फुटते आणि ते चिकट पाणी खालच्या पेंढ्यावर सांडतं. एरवी असल्या वासाकडे ढुंकूनही न बघणारी गाय आता त्या वासाने वेडी होते. ओला पेंढासुद्धा चाटू लागते. थोड्या वेळाने वासरू बाहेर येतं, ते त्याच पाण्याने निथळत. गाय उठते, वळते आणि कानशीसारख्या खरखरीत जिभेने त्याला चाटायला लागते.

हे चाटणं म्हणजे नुसता लाड नव्हे बरं का! त्यात चार कामं होतात. एक, वासरू कोरडं होतं, त्याची थंडी जाते. दोन, अंग रगडलं गेल्याने रक्त खेळतं, श्वास मोकळा होतो आणि ते उठायची धडपड करतं. तीन, त्याला शी-शू करायला मदत होते. आणि चौथं काम सगळ्यात मोठं. चाटता चाटता गाय त्याचा वास मनात पक्का करून ठेवते. ‘हे माझं!’ असा शिक्काच म्हणा ना. नंतर पन्नास वासरांच्या घोळक्यातूनही ती आपलं वासरू वास घेऊन अचूक ओळखते.

हा शिक्का बसायला किती वेळ लागतो? १९७७ साली हडसन आणि मुलॉर्ड या दोन संशोधकांनी दुभत्या गायींवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. जन्मानंतर लगेच फक्त पाच मिनिटं वासरू गायीजवळ राहिलं तरी नातं पक्कं जुळतं, असं त्यांना दिसलं. पण वासरू जन्मताच उचललं आणि पाच तासांनी आणून दिलं, तर निम्म्या गायींनी ते स्वीकारलंच नाही. पाच मिनिटं आणि पाच तास! केवढा फरक, नाही का?

असं का होतं? वासरू बाहेर येताना गायीच्या मेंदूतून ‘ऑक्सिटोसिन’ नावाचं एक द्रव्य रक्तात उतरतं. त्याने गर्भाशय आकसतं, वासरू बाहेर यायला मदत होते. तेच द्रव्य मेंदूतही काम करतं आणि गायीला लेकराची ओढ लावतं. पुढे वासरू सडाला लुचायला लागलं की तेच पुन्हा सुटतं आणि कासेत साठलेलं दूध सडांत उतरतं. आपण म्हणतो ना, गायीने पान्हा सोडला, तो हाच. अमेरिकन शास्त्रज्ञ व्हिन्सेंट दु व्हिन्यो यांनी हे द्रव्य १९५३ साली प्रयोगशाळेत तयार केलं आणि १९५५ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. पण गंमत अशी, की गाय घाबरली, दुखावली किंवा चिडली की पान्हा अडतो. ‘गाय पान्हा चोरते’ असं आपण तिच्यावरच आळ घेतो. खरं तर ती चोरत नाही, भीतीने तो उतरतच नाही.

नाकानंतर नंबर लागतो कानांचा. वासरू जवळ असलं की गाय तोंड मिटून, नाकातल्या नाकात, खोल आवाजात ‘म्ह्ं... म्ह्ं...’ करते. वासरू नजरेआड झालं की मात्र मोठ्याने हंबरते. लंडन आणि नॉटिंगहॅमच्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी हे आवाज ध्वनिमुद्रित करून तपासले. प्रत्येक गायीचा आणि प्रत्येक वासराचा आवाज वेगळा ओळखता येतो, असं त्यांनी २०१५ साली मांडलं. आपल्या गुराख्यांना हे कधीचंच माहीत आहे म्हणा!

चिकाचं घड्याळ

तुम्ही म्हणाल, ‘बाई, नाही जवळ घेतलं तर नाही. बाटलीने दूध पाजू की!’ पाजता येतं, पण त्यात एक घड्याळ टिकटिकत असतं.

माणसाच्या बाळाला रोगाशी लढणारी काही द्रव्यं आईच्या पोटातच मिळतात. वासराला ती मिळत नाहीत. गायीच्या वारेतून ती पलीकडे जातच नाहीत. म्हणून वासरू जन्मतं तेव्हा ते रोगांपुढे अगदी उघडं असतं. त्याचं सगळं चिलखत असतं गायीच्या पहिल्या दुधात, म्हणजे चिकात. हा पिवळसर, दाट चीक वासराच्या आतड्यातून थेट रक्तात शिरतो. पण आतड्याची ही दारं थोडाच वेळ उघडी असतात. पहिल्या काही तासांत सताड उघडी, मग हळूहळू लोटत जातात आणि २४ तासांत बंद. त्यानंतर बादलीभर चीक पाजला तरी पोट भरेल, चिलखत मिळणार नाही. म्हणून पहिल्या एक-दोन तासांत चीक पोटात जायलाच हवा. पहिल्या दिवसभरात वासराच्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा. वीस किलोचं वासरू असेल तर दोन लिटर. गणित सोपं आहे, ध्यानात ठेवा.

आणि हो, खरवस सगळ्यांनाच आवडतो. पण पहिला मान वासराचा. त्याचं पोट भरून उरेल तो आपला!

तांबूची गोष्ट

आता एक खरी हकिगत सांगते. माझी शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरातल्या एका छोट्या गावात आहे. दिवाळी झाली की आमच्या गावातली निम्मी माणसं ऊसतोडीला जातात. काही मुलं आईवडिलांबरोबर जातात, काही आजी-आजोबांजवळ गावातच राहतात. चौथीतली एक मुलगी अशीच आजीजवळ राहिली होती. घरात आजी, ती आणि तांबू. तांबू म्हणजे त्यांची लाल कंधारी गाय. पहिल्यांदाच गाभण राहिलेली. वडील जाताना पुन्हा पुन्हा सांगून गेले होते, ‘तांबूला जपा.’ गाय नीट व्याली, दूध सुरू झालं, तर आजीच्या औषधाचा आणि घरच्या तेलमिठाचा खर्च भागणार होता.

मार्गशीर्षातली थंडी होती. शाळेत परिपाठ चालू होता आणि ही पोर धावत आली. पायात चप्पल नाही, डोळ्यांत पाणी.

“बाई, आमची तांबू व्याली. पण वासराला जवळच येऊ देईना. लाथा मारायली. आजी रडायली.”

“कधी व्याली?”

“सकाळी. सात वाजता.”

मी घड्याळ बघितलं. दहा वाजून गेले होते. चिकाचं घड्याळ तीन तास पुढे गेलं होतं! मुख्याध्यापकांना सांगून मी तिच्याबरोबर निघाले. वाटेतच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. ते दुसऱ्या गावात एका अडलेल्या म्हशीजवळ होते. म्हणाले, “मला यायला साडेबारा तरी होतील. तोवर एक करा. आधी पोट, मग नातं. गायीचा चीक काढून वासराला पाजा. ते तीन तास उपाशी आहे.”

घरी जाऊन बघते, तर चुलीजवळ गोणपाटावर एक तांबूस कालवड बसलेली. अंग कोरडं, डोळे मोठ्ठे. आणि तिकडे गोठ्यात तांबू कान मागे टाकून, दाव्याला हिसके देत उभी. आजी कपाळाला हात लावून बसलेल्या. मी विचारलं, “आजी, सकाळपासून काय काय झालं, ते पहिल्यापासून सांगा.”

आजींनी सांगितलं ते असं. गाय व्यायला लागली आणि गल्लीतली सगळी पोरं बघायला जमली. दोन कुत्री भुंकत होती. कालवड बाहेर आली. बाहेर कडाक्याची थंडी. शेजारची बाई मायाळू. तिने कालवड लगेच उचलली, गोणपाटाने खसाखसा पुसून कोरडी केली आणि चुलीजवळ नेऊन शेकली. तासाभराने गायीपुढे आणून सोडली, तर गायीने शिंगच उगारलं.

थांबा! पुढे वाचू नका. मघाशी जे वाचलंत ते आठवा आणि तुम्हीच सांगा, कुठे बिनसलं?

बरोब्बर! तांबूला वासाचा शिक्का मारायला वेळच मिळाला नाही. शेजारणीने केलं ते मायेने केलं. थंडीत ओलं वासरू गारठून मरू शकतं, हेही खरंच. पण पुसताना ते चिकट पाणी गेलं, तांबूचं चाटणं राहून गेलं, आणि वासराच्या अंगाला लागला धुराचा वास. तांबूच्या नाकाला ते तिचं लेकरूच वाटेना. त्यात तिची ही पहिली वेळ, आणि भोवती एवढा गलका.

मग आम्ही कामाला लागलो. पोरांना बाहेर काढलं, कुत्री हाकलली. शेजारच्या काकांनी तांबूला खुंट्याला आखूड बांधून धरलं. आजी तिच्या मानेखाली खाजवत, “तांबे, माझी माय ती, उगी उगी,” असं बोलत राहिल्या. काकूंनी सड कोमट पाण्याने धुऊन चीक काढला. तांबूने दोनदा पाय उचलला. कास टणक झाली होती, हात लागला की तिला दुखत होतं. लिटरभर चीक निघाला. तो धुतलेल्या बाटलीला निपल लावून कालवडीला पाजला. डॉक्टरांनी बजावलं होतं, “घशात बळेच ओतू नका, ठसका लागून दूध फुप्फुसात जातं. तिला चोखू द्या.” ती आधी निपल चावतच बसली. मग एकदम जीभ गुंडाळून चोखायला लागली आणि शेपूट हलवायला लागली. पोट तर भरलं! आता नातं.

“आजी, हिच्या पाठीवर मीठ आणि गव्हाचा कोंडा टाकू. चाटायला तरी लागेल,” मी म्हटलं. हा जुना उपाय आहे आणि चांगला आहे. आजी कोंडा आणायला उठल्या. तेवढ्यात ती पोर हळूच म्हणाली,

“बाई, ते गोणपाट कुठाय? ज्याने हिला पुसलं, ते?”

“का गं?”

“त्याला वास असंल की. आई कारखान्यावर गेली की मी तिची साडी उशाला घेती. न धुतलेली. तिचा वास येतो. मग झोप लागती.”

कुणी काही बोललं नाही. काकू लगबगीने गेल्या आणि परसातून ते गोणपाट घेऊन आल्या. दगडावर तसंच ओलं पडलं होतं. त्या पोरीने ते कालवडीच्या पाठीवर, मानेवर, शेपटीच्या मुळाशी चोळचोळ चोळलं. गोठ्यातला ओला पेंढाही अंगाला लावला. वर चिमूटचिमूट मीठ आणि कोंडा टाकला. मग काकांनी कालवड उचलून तांबूच्या तोंडापुढे ठेवली. मध्ये एक आडवा बांबू ठेवला. नाक पोचेल, शिंग पोचणार नाही, असा. आजी तेवढ्या आत राहिल्या. आम्ही सगळे बाहेर.

तांबूने फुर्रकन नाकातून हवा सोडली. मान झटकली. पुन्हा नाक पुढे केलं. पुन्हा मागे. असं किती वेळा केलं कोण जाणे. आणि मग एकदाची जीभ बाहेर आली. आधी कोंड्यासाठी. कोंडा संपला तरी जीभ थांबली नाही! पाठ झाली, मान झाली, कान झाले. कालवड त्या चाटण्याने कोलमडायला लागली. आणि मग आम्हाला तो आवाज ऐकू आला, नाकातल्या नाकात, खोल... “म्ह्ं...”

आजींनी पदर डोळ्यांना लावला.

पण मुलांनो, गोष्ट इथे संपली असं समजू नका हं. चाटू दिलं म्हणजे पिऊ दिलं, असं नाही. साडेबाराला डॉक्टर आले. त्यांनी गाय तपासली. ताप नव्हता. “वार पडायला बारा तास वाट बघा, कुणी ओढू नका,” म्हणाले. ती दोनच्या सुमाराला आपोआप पडली, ती काकांनी खड्ड्यात पुरली. कासेला सूज होती, पहिल्या वेताला ती येते. कोमट पाण्याचा फडका ठेवून शेकायला सांगितलं. “ती वासराचा राग करत नाही, तिला दुखतंय,” डॉक्टर म्हणाले. केवढी मोठी गोष्ट आहे ना ही! लाथ दिसते, दुखणं दिसत नाही.

पुढचे चार दिवस कालवड तांबूला दिसेल अशी, पण आडोशाला बांधली. दिवसातून चार वेळा आजी आणि काका मिळून तिला कासेला लावत. आधी थोडा चीक हाताने काढायचा, म्हणजे कास हलकी होते. पुढ्यात पेंड ठेवायची. मागच्या पायाला सैल दावं लावायचं. मारायचं नाही, ओरडायचं नाही. पहिल्या दिवशी तीन लाथा, दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी दावं लागलंच नाही. चौथ्या दिवशी ती पोर कालवडीच्या गळ्यात घुंगरू बांधायला गेली, तर तांबूने तिच्यावरच शिंग उगारलं! शाळेत येऊन हसत सांगत होती, “बाई, आता ती मलाबी हात लावू देईना!”

तिचा हिरमोड झाला नव्हता. उलट त्या दिवशी तिने डबा पहिल्यांदाच सगळा संपवला.

रडणाऱ्या उंटिणी

लेकराला दूर लोटणारी आई फक्त आपल्याच गोठ्यात नसते. मंगोलियात गोबी नावाचं थंड वाळवंट आहे. तिथले पशुपालक उंट पाळतात. एखादी उंटीण पिल्लाला जवळ करत नसेल, तर ते काय करतात माहीत आहे? गाणं म्हणतात! उंटिणीला पिल्लाशेजारी बांधायचं आणि मोरीन खूर या टोकाला घोड्याचं डोकं कोरलेल्या तंतुवाद्यावर किंवा बासरीवर हळुवार सूर धरायचा. त्याबरोबर तेच तेच शब्द घोळवून गात राहायचं. कधी कधी यात तासन्‌तास जातात. उंटीण आधी चावते, थुंकते. मग हळूहळू शांत होते आणि पिल्लाला पिऊ देते. त्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहतं, असं ते लोक सांगतात. २०१५ साली युनेस्कोने ही प्रथा तातडीने जपायला हव्यात अशा वारशांच्या यादीत घेतली. त्यांचं गाणं आणि आमच्या आजींचं ‘तांबे, उगी उगी’, फार वेगळं नाही. घाबरलेल्या जनावराला संथ, ओळखीचा आवाज धीर देतो.

याच्या उलट काही लोक काय करतात, तेही सांगायला हवं. पान्हा उतरावा म्हणून मनानेच इंजेक्शन टोचतात. मघाशी वाचलेलं ऑक्सिटोसिन औषध म्हणून चांगलं, पण ते कधी आणि किती द्यायचं हे डॉक्टरांनी ठरवायचं. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या तब्येतीला अपाय होईल असं काही टोचणं हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या १२व्या कलमाप्रमाणे गुन्हा आहे. घरात कुणी तसं करत असेल, तर गोड शब्दांत पण ठामपणे सांगा.

तुमच्या गोठ्यात असं झालं तर?

शहरातल्या मित्रांनो, तुम्हीही वाचा. मामाच्या गावाला गेलात की उपयोगी पडेल.

१. गाय व्यायला लागली की गर्दी करू नका. कुत्रं बांधून ठेवा. लांबून, गुपचूप बघा.

२. नव्या वासराजवळ एकट्याने जाऊ नका. ओळखीची गायसुद्धा त्या दिवशी शिंग मारू शकते. मोठ्या माणसाला बरोबर घ्या.

३. वासराच्या नाकातोंडातला चिकटा मोठ्यांनी काढावा, आणि लगेच वासरू गायीच्या नाकापुढे ठेवावं. गाय चाटत असेल तर पुसू नये. ती चाटेचना किंवा थंडी फार असेल, तर मात्र पुसून उबदार करावं. पुसायचं फडकं टाकू नका. का, ते तुम्हाला आता ठाऊक आहे!

४. पहिल्या एक-दोन तासांत चीक पोटात गेला की नाही, याकडे लक्ष ठेवा. घड्याळ बघायचं काम तुमचं.

५. गाय लाथ मारते म्हणून तिला मारू नका. कास सुजली आहे का, ताप आहे का, वार पडली आहे का, हे मोठ्यांना बघायला सांगा आणि डॉक्टरांना बोलवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा फुकट फोन क्रमांक आहे.

६. गाय चरायला मोकळी असेल आणि वासरू गवतात एकटंच बसलेलं दिसलं, तर ‘टाकून दिलं’ म्हणून उचलून आणू नका. पहिल्या दिवसांत गाय हरिणीसारखी वासराला लपवून चरायला जाते आणि पाजायला परत येते. माय गेली म्हणजे टाकून गेली, असं नसतं.

करून बघा

एक खेळ सांगते. घरातल्या प्रत्येकाचा वापरलेला एकेक रुमाल किंवा सदरा घ्या. डोळे बांधून, नुसत्या वासावरून कोणाचं काय ते ओळखा. किती ओळखता आले, ते वहीत लिहा. मग लहान भावाला किंवा बहिणीला आईचं कापड ओळखायला सांगा. तांबूचं नाक आपल्याहून कितीतरी तल्लख, पण आपलंही काही अगदीच कच्चं नाही, हे तुमच्या ध्यानात येईल.

आणि दुसरं काम. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, ‘गाय वासराला जवळ करत नसेल तर तुम्ही काय करायचात?’ कुणी गूळ चोळत असेल, कुणी गाणं म्हणत असेल. प्रत्येक गावाची युक्ती निराळी. या युक्त्या बहुतेक कुठेच लिहिलेल्या नाहीत, त्या आजींच्या डोक्यातच आहेत. तुमच्या शब्दांत लिहून मला पाठवा. चांगल्या चांगल्या निवडून याच पानावर छापू.

त्या कालवडीचं नाव काय ठेवलं, ते सांगायचंच राहिलं की! आमच्या चौथीच्या वर्गाने चिठ्ठ्या टाकून ठेवलं. नाव निघालं ‘साखर’. आता साखर उन्हं वर आली की शाळेच्या कुंपणापाशी येऊन उभी राहते, आणि पलीकडून तांबू हंबरली की शेपूट वर करून धूम पळते.

भेटू पुढच्या आठवड्यात, मुंग्यांच्या वारुळापाशी. तोवर अभ्यास करा, खेळा, आणि गोठ्यात पाऊल हळू टाका हं!

तुमची,
बाई